रजेवरचं उड्डाण आणि फिजिक्स सरांचा झेंडू

निवृत्त होऊन लातूरला राहायला आल्यापासून माझ्याकडे दोन प्रकारचे लोक येतात. पहिले म्हणजे ज्यांना पोराला पायलट करायचंय ते. दुसरे म्हणजे जे पायलट झालेत, कुठल्या तरी शेठच्या खाजगी जेटवर नोकरीला लागलेत आणि आता बसून बसून कंटाळलेत ते. पहिल्यांना मी चहा देतो. दुसऱ्यांना जेवायलाच थांबवतो, कारण त्यांचा प्रश्न चहात मावत नाही.

"कॅप्टन, नोकरी सांभाळून बाहेरची उड्डाणं घ्यावीत का? परवडतं का ते?"

मी विचारतो, "तुझ्या कॉलरमधून कधी झेंडू निघालाय?"

पोरगं गोंधळून माझ्या बायकोकडे बघतं. सुनंदा पोळी वाढता वाढता नुसती मान हलवते. झेंडूनं भरलेले ते कपडे तिनंच धुतलेत. मग सगळी गोष्ट सांगावी लागते. आता ती लिहूनच ठेवतो, म्हणजे पोळ्या वाचतील.

आधी आमचा धंदा सांगतो, कारण लोकांचे त्याबद्दल फार गोड गैरसमज आहेत. खाजगी जेटचा पायलट म्हणजे काळा चष्मा, चार सोनेरी पट्ट्या आणि ढगांच्या वर कॉफी. खरं म्हणजे आमच्या नोकरीत उडणं कमी आणि थांबणं जास्त. मालकाची बैठक संपेपर्यंत थांबायचं. बैठकीनंतरचं जेवण संपेपर्यंत थांबायचं. मालकाच्या मेव्हण्याला एका वैद्याकडून गुडघ्याचं तेल आणायचं असतं, तो परत येईपर्यंत थांबायचं. सामान आम्हीच चढवायचं, उशा आम्हीच झटकायच्या, आणि विमानातल्या संडासाची टाकी नीट साफ झाली का हे वाकून कॅप्टननंच बघायचं. पट्ट्यांना डाग लागू नये म्हणून त्या वेळी कोट काढून ठेवायचा, एवढीच काय ती शान.

माझे मालक मन्मथअप्पा. मूळचे आमच्याच उदगीरचे. तेलाच्या घाण्यापासून सुरुवात करून मुंबईला मोठे झालेले. माझ्या वडिलांचं उदगीरला भुसाराचं दुकान होतं, त्यामुळे अप्पा मला कॅप्टन वगैरे कधी म्हणाले नाहीत. मी त्यांचा बसू. परदेशी पाहुण्यांसमोरसुद्धा, "हा आमचा बसू, इमान चालवतो," अशी ओळख व्हायची.

आता लातूरकडे येतो. भूकंपानंतर साऱ्या जगानं ज्या गावाचं नाव हळहळून घेतलं, त्याच गावाचं नाव काही वर्षांत लोक मार्कांसाठी घेऊ लागले. गल्लोगल्ली शिकवण्या, मेस, होस्टेलं. सकाळी सायकलींचा असा पूर यायचा की दूधवाल्याला रस्ता ओलांडता येत नसे. गावात कुणाला आडनावं उरली नव्हती. सगळे विषयावरून ओळखले जायचे. फिजिक्स सर, केमिस्ट्री सर, गणितवाले मोठे सर, गणितवाले धाकटे सर. अप्पांनी नातीला मुंबईतून उचलून लातूरला आणून टाकलं. तिला मेसचं जेवण सोसेना. म्हणून अप्पांच्या सौभाग्यवती, आमच्या अक्का, दर शनिवारी नातीसाठी डबा घेऊन लातूरला यायच्या. जेटमधून.

हसू नका. मी डबा घेऊन जेट उडवलेलं आहे. धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा मातीचा सट. दही सांडू नये म्हणून मी जसं विमान वळवायचो तसं कुठल्या मंत्र्यासाठीसुद्धा वळवलं नाही.

अक्का नातीकडे गेल्या की मी रिकामा. जेट धावपट्टीवर, मी धावपट्टीच्या कडेच्या बाभळीखाली. अशा एका शनिवारी नांदेडचे मोतीसेठ भेटले. कापसाच्या जिनिंगवाले, गोल चेहऱ्याचे, कायम घाईत. त्यांनी हौसेनं एक इंजिनाचं लहान विमान घेतलं होतं आणि त्यांचा पायलट मोठ्या कंपनीत निघून गेला होता.

"कॅप्टनसाब, विमान खडं राहून राहून बेजार होऊन राहिलं. पंखात चिमण्यांनी घर केलंय. तुम्ही महिन्यातून एकदा हवा दाखवा की त्याला!"

इथं पोरांनी नीट ऐकावं, कारण पुढचं सगळं इथंच ठरतं. जेटचा पायलट आहे म्हणून कुठलंही विमान चालवता येत नाही. प्रत्येक जातीच्या विमानासाठी वेगळी नोंद लागते, वेगळा सराव लागतो. माझा होता, कारण तरुणपणी मी फ्लाइंग क्लबात असल्याच विमानांवर शिकवत होतो. दुसरं, पायलटनं किती तास उडावं याला हद्द असते. बाहेर उडालेले तास त्याच हिशोबात धरतात. आज मोतीसेठला फिरवलं तर उद्या अक्कांचा डबा जमिनीवर राहू शकतो. तिसरं आणि मोठं म्हणजे मालकाची संमती. बाहेर काही झालं तर परवाना आपला जातो, शेठचा नाही.

म्हणून मी अप्पांना विचारलं. विमानाच्या पायऱ्या उतरत असताना विचारलं, ही माझी वेळेची निवड.

"अप्पा, रिकाम्या वेळात बाहेरचं काही काम घेऊ का?"

"घे की बाबा. रिकामा माणूस लई खातो," असं म्हणून अप्पा गाडीत बसले.

मी ते संमती म्हणून घेतलं. अप्पांना काय वाटलं होतं ते पुढं कळलं.

मोतीसेठची चार-दोन उड्डाणं छान झाली. लोहा गावाकडचा कापूस वरून कसा दिसतो ते बघायचं म्हणून एकदा गेलो, त्यात त्यांना उलटी झाली, पण कापूस चांगला दिसला म्हणाले. मग एक दिवस त्यांचा फोन आला. लातूरच्या फिजिक्स सरांच्या मुलाचं लग्न आहे, सरांना मांडवावर विमानातून फुलं टाकायची आहेत, परवानग्यांचं सगळं सर बघतायत, तुम्ही फक्त या. अप्पांचं जेट तेव्हा तपासणीसाठी हँगरमध्ये गेलं होतं. मला रजा होती. मी हो म्हणालो.

फिजिक्स सर म्हणजे उंच, किडकिडीत, बोटांना कायम खडू. त्यांनी मला घरी नाही बोलावलं, वर्गात बोलावलं. बाकावर बसवलं. फळ्यावर विमान काढलं, मांडव काढला आणि मधे एक सुंदर वाकडी रेघ काढली.

"समजा विमान ठरावीक वेगानं सरळ रेषेत चाललंय. इथं फूल सोडलं. हवेचा विरोध नगण्य मानू."

"सर, झेंडूच्या पाकळ्या आहेत. त्यांना हवेशिवाय दुसरं काही नाहीच."

"पेपरात असंच मानतात."

"लग्न पेपरात आहे की मैदानात?"

सरांनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या वर्गात इतक्या वर्षांत कुणी असा प्रश्न विचारला नसावा. मी समजावलं की पाकळी दगडासारखी पडत नाही, ती तरंगते, आणि त्या दिवसांत वारा पश्चिमेकडून पूर्वेला असतो. म्हणून मांडवाच्या बरंच अलीकडे, पश्चिमेला फुलं सोडायची, मग वाराच ती मांडवावर नेईल. ते माझ्यावर सोडा. तुम्ही एकच करा. फुलं जिथं पडायला हवीत तिथं फक्कीनं मोठं पांढरं वर्तुळ आखा. मी ते वर्तुळ धरून नेम लावीन.

"ठीक," सर म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. शिक्षकाला त्याच्या गणितातली चूक दाखवली की ती स्वतःच्या हातानं दुरुस्त केल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अजून एक गोष्ट मला माहीत नव्हती. लातूरबाहेर त्या रस्त्याला दोन मंगल कार्यालयं होती, शेजारी शेजारी. एकाच मालकानं, एकाच नकाशावर बांधलेली. मधे कमरेएवढी भिंत. फिजिक्स सरांनी पूर्वेचं घेतलं होतं. आणि त्याच दिवशी, त्याच मुहूर्तावर, पश्चिमेच्या कार्यालयात केमिस्ट्री सरांच्या मुलीचं लग्न होतं. हे दोन सर एके काळी भागीदार. एकच पाटी, एकच वर्ग. मग कशावरून तरी बिनसलं आणि पाटीचे दोन तुकडे झाले. आता एकमेकांचं तोंड बघत नव्हते, पण मुहूर्त दोघांच्या भटजींनी एकच काढला.

लग्नाच्या दिवशी मी नांदेडहून विमान घेऊन लातूरच्या धावपट्टीवर उतरलो. फुलं टाकायला सरांचे मेव्हणे आले होते, जळकोटचे. नवरदेवाचे मामा म्हणून हा मान त्यांचा. गुलाबी फेटा, नवा सफारी, चेहरा पांढराफटक.

"कॅप्टन, मी झाडावर बी चढत न्हाई."

"मामा, झाडापेक्षा हे सोपं. पट्टा असतो."

फुलं टाकता यावीत म्हणून मागचं एका बाजूचं दार काढून ठेवलं होतं. मामांनी ती मोकळी चौकट बघितली आणि विचारलं, "हे दार कुठं गेलं?" मी म्हणालो, मुद्दाम काढलंय.  मी त्यांना पट्ट्यानं बांधलं, त्यावर त्यांनी स्वतःच्या उपरण्यानं स्वतःला खुर्चीशी आणखी बांधून घेतलं. शेजारी दोन मोठी पोती ठेवली. पोत्यांची तोंडं उघडी, वर झेंडूच्या पाकळ्या.

वर गेलो. हवा स्वच्छ होती. दोन सारखी कार्यालयं दिसली, दोन सारखे मांडव, आणि त्यातल्या एकासमोर ठसठशीत पांढरं वर्तुळ. मला दुसरं काय हवं होतं? वाऱ्याचा अंदाज घेतला, वर्तुळाच्या पश्चिमेला आलो आणि ओरडलो, "मामा, सोडा!"

मामांनी डोळे मिटून पोतं दाराकडे तोंड करून हलवलं. आता दार काढलेल्या विमानात हवा कशी फिरते हे मी त्यांना सांगितलं होतं. पोतं बाहेर धरा, दारात धरू नका. पण बाहेर धरायला हात बाहेर काढावा लागतो. त्यामुळे निम्मा झेंडू बाहेर गेला आणि निम्मा गोल फिरून माझ्यावर आला. कानात, कॉलरमध्ये, तोंडात. उंची दाखवणाऱ्या काट्यावर एक पाकळी चिकटली, ती मी जिभेवरच्या पाकळ्या थुंकत बोटानं काढली. मागून मामांचा "हर हर महादेव" चालू होता.

"दुसरं पोतं, मामा! हात बाहेर!"

दुसरं पोतं त्यांनी खरंच बाहेर रिकामं केलं. आणि मान वळवून बघतो तर मोकळ्या दारातून फुलांबरोबर कागद जात होते. पिवळे, गुलाबी, शेकड्यानं. एक कागद उलटा आत येऊन माझ्या मांडीवर बसला. 'प्रवेश सुरू! फिजिक्स सरांची नवीन बॅच. केमिस्ट्रीत कच्चे असाल तरी चालेल, फिजिक्स तारेल.'

"मामा, हे काय?"

"दाजींनी मनलं, फुलाखाली जे हाय ते बी टाकायचं. मी काय वाचून राहिलो का वर?"

मी खाली बघितलं. फुलं आणि कागद वाऱ्यावर तरंगत, हळूहळू उतरत, बरोबर त्या पांढऱ्या वर्तुळावर चालले होते. माझ्या साऱ्या नोकरीतला सर्वात अचूक नेम तो. दोन्ही कार्यालयांतून लोक धावत बाहेर येत होते. शेकडो लोक, वर बघत.  एवढ्या लोकांनी माझं उडणं कधी बघितलं होतं? जेटचा पायलट म्हणजे बंद दाराआडचा माणूस. मी परत एक वळण घेतलं आणि त्यांना सलाम म्हणून विमानाचे पंख दोन्हीकडे हलवले.

धावपट्टीवर उतरलो तेव्हा फिजिक्स सरांच्या वर्गाची जीप घेऊन रशीदभाई उभे होते. ते ड्रायव्हर. एरवी हसरे. आज हसत नव्हते.

"साहब, तुम्ही वर पंख हलवून राहिले, इकडं लोकं भूकंप म्हणून जीव घेऊन पळून राहिले."

 विमान कमी उंचीवरून गेलं की मांडवाचे पत्रे थरथरतात, स्लॅबखाली घुमतं. हे मला कळायला हवं होतं, मी इथलाच. या भागातल्या माणसाच्या कानात त्या पहाटेची घरघर अजून बसलेली आहे. पत्रा थरथरला की हात आधी लेकराकडे जातो, विचार नंतर येतो.

"कुणाला लागलं?"

"न्हाई. ताकाचं पातेलं आडवं झालं. आणि भटजींचा पाय मुरगळला. ते सगळ्यात पुढं पळाले ना." मग रशीदभाई म्हणाले, "अजून एक. फुलं केमिस्ट्री सरांच्या दारात पडली."

"असं कसं? मी वर्तुळावर टाकली!"

"वर्तुळ बी तिकडंच होतं."

झालं होतं ते असं. माझं बोलणं फिजिक्स सरांच्या मनात घोळत राहिलं. शेवटी त्यांनी वाऱ्याचं गणित मांडलं, पाकळी किती वाहत जाईल ते काढलं आणि पहाटे जाऊन वर्तुळ तेवढं पश्चिमेला सरकवलं. गणिताचं उत्तर भिंतीपलीकडे आलं, तर भिंतीपलीकडे आखलं. मी वारा धरला होता, त्यांनी परत वारा धरला. दोघांचं गणित बरोबर. फक्त ते दोनदा केलेलं.

मामांना तिथंच पाणी पाजून बसवलं आणि मी जीपमधून केमिस्ट्री सरांच्या कार्यालयात गेलो. अंगणात दोन्ही लग्नांची माणसं एकत्र उभी होती. कोण कुणाकडचं ते कळेनासं झालेलं. कमरेएवढी भिंत ओलांडून अर्धे इकडे आलेले. इथला नवरदेव, केमिस्ट्री सरांचा जावई, भूकंपाच्याच गावचा. पत्रा वाजताच त्यानं अंतरपाट बाजूला सारून नवरीचा हात धरून तिला बाहेर ओढून आणलं होतं आणि तो हात अजून सोडला नव्हता. नवरी त्याच्याकडे अशी बघत होती की पुढच्या मंगलाष्टकांची तिला गरज वाटत नसावी.

मधोमध दोन सर.

"माझी फुलं तुझ्या दारात कशी?" फिजिक्स सर विचारत होते.

"मग उचल की!" केमिस्ट्री सर बुटके, आवाज मोठा. त्यांनी गुलाबी कागद सरांच्या नाकासमोर धरला. "आणि हे बी उचल. 'केमिस्ट्रीत कच्चे असाल तरी चालेल'? माझ्या पोरीच्या लग्नात? माझ्या व्याह्यांसमोर?"

"ते माझ्या पाहुण्यांसाठी होतं!"

"म्हणजे तुझ्या पाहुण्यांत मला कच्चा म्हणत होतास?"

फिजिक्स सर माझ्याकडे वळले. माझ्या डोक्यात झेंडू, खांद्यावर झेंडू, पट्ट्यांवर झेंडू. तेवढ्यात गर्दीतून मागून ओळखीचा आवाज आला.

"बसू?"

मन्मथअप्पा. नातीच्या केमिस्ट्री सरांचं आमंत्रण मोडायचं नाही म्हणून ते मुंबईहून मोटारीनं आले होते. पांढऱ्या टोपीवर तीन पाकळ्या, हातात एक पिवळा कागद.

"अप्पा."

"तू रजेवर होतास ना?"

"रजेवरच आहे, अप्पा."

"मग वर कामून होतास?"

मी म्हणालो, तुम्हीच तर बाहेरचं काम घे म्हणाला होतात. अप्पांनी टोपी काढली, झटकली.

"मला वाटलं शिकवणी घेतोस! लातुरात समदे शिकवणीच घेतात. रिकाम्या वेळात तू परत इमानच चालवशील हे कुणाच्या सपनात येईल?" मग आवाज खाली आणून, "तुझा निकाल जेवण झाल्यावर."

दोन सर पुन्हा सुरू होणार, तेवढ्यात खालून आवाज आला. "कोण भांडून राहिलंय रं एवढं?"

त्या गंगूआत्या. त्याच नवरदेवाची आत्या. भूकंपात त्यांचं घर गेलं. घरातलं कोण कोण गेलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्या स्लॅबखाली बसत नाहीत. घरचं कार्य असलं तरी बाहेर सतरंजी टाकून बसतात. आज मोकळी जागा बघून त्या नेमक्या त्या पांढऱ्या वर्तुळात बसल्या होत्या. कुणीतरी काढलेली रांगोळी असेल असं त्यांना वाटलं होतं. सगळे पळाले तेव्हा त्या एकट्याच जागेवरून हलल्या नव्हत्या, कारण त्या आधीपासूनच बाहेर होत्या. आता मांडीवर, पदरात, केसांत झेंडू घेऊन त्या तशाच बसलेल्या.

"आमच्यावर आजवर वरून दगडमातीच पडली," त्या म्हणाल्या. "फुलं पहिल्यांदाच पडली. आन तुम्ही मास्तरलोक त्याची वाटणी करून राहिलाव?"

 केमिस्ट्री सरांनी हातातला कागद चुरगाळून खिशात टाकला. "फुलं ऱ्हाऊ दे," ते फिजिक्स सरांना म्हणाले. "कागद तेवढे घेऊन जा." त्यांच्यात समेट वगैरे काही झाला नाही. पण फिजिक्स सर स्वतः वाकून कागद गोळा करायला लागले, आणि केमिस्ट्री सरांनी आपल्या भटजींसाठी खुर्ची मागवली. मुरगळलेला पाय पुढं पसरून भटजींनी राहिलेली मंगलाष्टकं तिथंच अंगणात म्हटली. त्यानंतर कोण कुठल्या पंगतीला बसलं याचा ताळमेळ राहिला नाही. फिजिक्स सरांकडच्या एका काकांनी केमिस्ट्री सरांच्या जावयाच्या हातात आहेराचं पाकीट दिलं आणि जिलबी खाऊन समाधानानं गावी गेले.

मी दोन्हीकडे जेवलो. निकाल यायचा होता, म्हणून दोन्हीकडे चव लागली नाही.

पोरांना मी इथं सांगतो की बाबांनो, बाहेरच्या कामाचा जमाखर्च असा. मोतीसेठचं विमान साफ करायला माझे रजेचे उरलेले दिवस गेले. कुठल्या कुठल्या फटीतून झेंडू निघत होता. पुढे पावसाळ्यात मोतीसेठनं शपथ घेऊन सांगितलं की विमानात मागच्या कोपऱ्यात एक रोप उगवलंय. परवाना देणाऱ्या वरच्या साहेबांनी मला बोलावून, मांडवावरून जाताना खालच्या लोकांचा विचार केला होता का, हे विचारलं, आणि मी 'नाही' म्हणालो. फायदा झाला तो एकट्या फिजिक्स सरांचा. आभाळातून पडलेला कागद शुभ असतो म्हणून त्या वर्षी त्यांची बॅच भरून वर्गाबाहेर सतरंज्या टाकाव्या लागल्या. गोष्ट एवढीच असती तर मी सरळ 'करू नका' म्हणालो असतो.

पण जेवणं झाल्यावर गंगूआत्या माझ्याकडे आल्या. "ते तुमचं इमान हाय अजून?"

"आहे की."

"त्यातनं आमचं जुनं गाव दिसंल?"

जुनं गाव म्हणजे जिथं आता कुणी राहत नाही ते, औशाच्या पलीकडचं. मी काही बोलायच्या आत अप्पा म्हणाले, "दिसंल. मी बी येतो." आणि त्यांनी कार्यालयाच्या फोनवरून मोतीसेठला नांदेडला फोन लावला. मन्मथअप्पा आपलं विमान मागतायत म्हटल्यावर मोतीसेठ इतके खूश झाले की अप्पांना रिसिव्हर कानापासून लांब धरावा लागला. परवानगीची पुढची सगळी विचारपूस, निरोप, होकार होईपर्यंत मी धावपट्टीवर जाऊन दार परत बसवून घेतलं.

आत्या माझ्या शेजारी पुढं बसल्या. मला काळजी होती. ज्या बाईला छत नको, ती या डबीत कशी बसेल? मी तसं विचारलंसुद्धा.

त्यांनी डोक्यावरच्या पत्र्याला हात लावून बघितला. "ह्याला बी छत हाय की. पण हे पडलं तर आपण बी ह्याच्या संगंच पडू. वरून अंगावर यायचं काम न्हाई."

मागं अप्पांनी डोळे मिटून गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. इतकी वर्षं मी त्यांना घेऊन उडालो होतो, पण माझ्या पाठीमागे मधे पडदा असायचा. हा माणूस उडताना असा बसतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

उन्हं कलायच्या आत गावावर आलो. गवत वाढलेलं, पण वरून सगळं ओळखू येत होतं. घरांचे चौथरे, गल्ल्यांच्या रेघा, मधे पार. आत्यांच्या बाजूला गाव राहावं म्हणून मी विमान उजवीकडे वळवत राहिलो, मोठ्या गोल गोल फेऱ्या घेत.

"ते सोनाराचं," त्या बोट ठेवून म्हणाल्या. काचेवर त्यांच्या बोटाचा ठसा उमटत होता. "ते मठाचं. तो आड. आडाच्या अल्याड आमचं." मी आणखी एक फेरी घेतली. मग त्या म्हणाल्या, "एवढंच व्हतं व्हय? लई मोठं वाटायचं."

 अप्पांनी मागून, डोळे मिटलेलेच ठेवून, विचारलं, "दिसलं का, आत्या?"

"दिसलं. तुम्ही डोळे उघडलाव तर तुम्हाला बी दिसंल."

अप्पांनी डोळे उघडले. खिडकीतून खाली बघितलं. त्यांचेही कुणी सोयरे त्या बाजूला होते, ते मला माहीत होतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि फेरी संपेपर्यंत ती घातली नाही.

येताना भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावावरून आलो. सरळ गल्ल्या, सारखी घरं, सारखी अंतरं. आत्या खाली बघून हसल्या. "हे बघा. चौकटीचं लुगडं वाळत घातल्यावानी. म्हणून मला घर सापडत न्हाई, लोकं मला येडी म्हणून राहिलेत."

धावपट्टीवर उतरलो. मी पळत जाऊन त्यांच्या बाजूचं दार उघडलं, हात दिला. जमिनीवर पाय ठेवल्यावर त्यांनी पदर नीट केला, आणि अप्पांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. अप्पा नुकतेच खाली उतरून एका हातानं विमानाचा पंख धरून उभे होते. माझा निकाल अजून दिला नव्हता.

"मालक," आत्या म्हणाल्या, "तुमचा डायव्हर चांगला हाय. त्याला मधून मधून सोडत जावा."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. खालपासून वरपर्यंत.

"सोडतो," ते म्हणाले. "पण पुढच्या बारीला मला सांगून. म्हणजे मी बी रजा टाकीन."